ओटीपी दिलाच नाही, मग पैसे गेले कसे?

प्रश्न : आम्ही नेरुळला राहतो. मी ६४ वर्षांची, हे ७१. तुर्भ्याच्या कारखान्यातून हे निवृत्त झाले. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी यांना फोन आला, ‘महावितरणमधून बोलतोय, तुमचं मागचं लाइट बिल सिस्टीममध्ये अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कट होईल.’ माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. आमचा ग्राहक क्रमांकही त्यानेच सांगितला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली. यांनी ती उघडून बारा रुपये भरले. शनिवारी सकाळी बघतात तर मुदत ठेव मोडलेली आणि २ लाख ४० हजार गेलेले. हे कुणालाच बोलले नाहीत. सोमवारी मी पासबुक भरायला गेले तेव्हा कळलं. त्याच दिवशी बँकेत आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. हे शपथेवर सांगतात की ओटीपी कुणालाही दिला नाही. बँकवाले म्हणतात, दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत. मुलाने यांचा स्मार्टफोन काढून घेऊन बटणांचा फोन दिलाय. आता हे कुणाचाच फोन उचलत नाहीत, बँकेचाही नाही. घरात जेवढ्यास तेवढं बोलतात. त्यात परवा मला इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झाल्याचा ईमेल आलाय. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर :

ताई, यजमानांना आधी एवढं सांगा, की ओटीपीबद्दल ते बहुधा खरंच बोलताहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ती फाइल बिल नव्हतीच. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असणार. पावती म्हटली की ती पीडीएफ असते, फार तर फोटो. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप, आणि तेही प्ले स्टोअरला वळसा घालून आलेलं. ते बसवताना फोन अडवतो. अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घेऊ का, असं विचारतो. मग याला तुमचे एसएमएस वाचू देऊ का, असंही विचारतो. पण समोरचा माणूस फोनवरच असतो, ‘हो करा काका, तसंच येतं’ म्हणत राहतो. आत बारा रुपये भरायचा फॉर्म निघतो आणि त्यात कार्डाचा नंबर, नेटबँकिंगचं युजर नेम, पासवर्ड सगळं भरून घेतात. बारा रुपये हे निमित्त, त्यांना तो फॉर्म हवा असतो. एकदा तो मिळाला की ते खात्यात शिरतात. बँक नेमाने ओटीपी पाठवते, तो यजमानांच्या फोनवर येतो आणि त्यांची नजर पडायच्या आत पलीकडे पोचतो. विचारायची गरजच उरत नाही. मुदत ठेव मोडायला आता शाखेत जाऊन सही करावी लागत नाही, त्यामुळे तीही रातोरात मोडली.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आपल्याकडे इतकं घोकून घेतलंय, की तो सांगितला नाही म्हणजे आपण सुटलो असं लोकांना वाटतं. यजमानांनी घोकलेला नियम पाळला आणि तरी पैसे गेले, म्हणून तर ते इतके हबकलेत.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा : ग्राहकाची चूक नसताना, बँकेबाहेरच्या कुणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकाचं नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान त्याचं, त्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. तुम्ही सोमवारी कळवलंत, म्हणजे तीन दिवसांच्या अटीत बसता. बँक म्हणणार, तुम्ही पासवर्ड भरलात, अ‍ॅप बसवलंत, हा निष्काळजीपणाच. ते म्हणणं अगदीच पोकळ नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. काउंटरवरच्या माणसाचं ‘दिल्याशिवाय जात नाहीत’ हे काही सिद्ध करणं झालं नाही. तेव्हा तोंडी वाद बंद करा आणि लेखी विचारा : ठेव मोडली ती किती वाजता, कुठल्या फोनवरून, नवा लाभार्थी, म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तो, कधी जोडला गेला, एका रात्रीत ठेव मोडून पैसे बाहेर जात असताना बँकेच्या यंत्रणेला संशय का आला नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही.

१९३० वर तक्रार केल्यावर मिळालेला क्रमांक जपून ठेवा. पैसे ज्या खात्यांत गेले तिथे ते शिल्लक सापडले तर गोठवले जातात, आणि ते परत मिळवायला सहसा न्यायालयाचा आदेश लागतो. तुमच्या तक्रारीत काही रक्कम गोठवली गेली आहे का, हे नवी मुंबई पोलिसांच्या सायबर ठाण्यात जाऊन विचारा. महाप्याला महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय आहे म्हणून लोक थेट तिथे जायला निघतात, पण तक्रारीची वाट १९३० आणि केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टल हीच आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत असतात, तेव्हा पहिले काही तास मोलाचे. तुमचे ते तास शनिवार-रविवारी गेले. त्याचं कारण मी पुढे लिहितेय, आणि ते कारण फक्त यजमान नाहीत.

तो काढून घेतलेला स्मार्टफोन सध्या कुठे आहे? कपाटात पडून असेल तर ठीक. नातवाच्या हातात गेम खेळायला दिला असेल तर आधी काढून घ्या. नुसतं अ‍ॅप उडवून भागत नाही. हवे ते फोटो बाहेर काढून फोन पूर्ण रीसेट करायचा. नेटबँकिंगचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलायचा, यूपीआय पिन नवा करायचा, कार्ड बदलून घ्यायचं. यजमानांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून कुठला अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, तेही बघायचं, कारण अशा फोनवरून ओळखीच्यांना तीच फाइल पुढे पाठवली जाते. लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून फिरणाऱ्या एपीके फाइल घरच्याच माणसाच्या नावाने येतात त्या अशा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ओळखायचं कसं. माझं म्हणणं, ओळखायच्या भानगडीतच पडू नका.

तुम्ही पत्रात लिहिलंय की माणूस स्वच्छ मराठी बोलत होता आणि ग्राहक क्रमांक त्याला ठाऊक होता. या दोन गोष्टींनी यजमानांची खात्री पटली. ठकसेन हिंदीतच बोलणार, अडखळणार, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. पण नोकरीला माणसं ठेवताना भाषा येणारी ठेवायची, एवढी अक्कल त्यांनाही असते. ग्राहक क्रमांक तर सोसायटीच्या जिन्याखालच्या पत्रपेटीत उघड्यावर पडलेल्या बिलावर छापलेला असतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, आधारचे शेवटचे चार आकडे, कुठल्या बँकेत खातं आहे, ही सगळी माहिती बाजारात फिरते. फोनवर नावाच्या जागी ‘महावितरण’ दिसणं, डीपीवर बोधचिन्ह किंवा खाकी वर्दी असणं, याला शून्य किंमत. तेव्हा समोरचा खरा की खोटा, याची परीक्षा त्याच फोनवर घ्यायला बसलात तर तो तिची तयारी आधीच करून आलेला असतो.

त्याऐवजी फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटला तरी ठेवायचा. मग आपल्या हाताने, आपल्या माहितीच्या वाटेने चौकशी करायची. लाइट बिलाची शंका असेल तर आपल्या जुन्या बिलावरचा नंबर किंवा महावितरणचं स्वतःचं अ‍ॅप. बँकेचं काम असेल तर कार्डाच्या मागे छापलेला नंबर, नाहीतर सरळ शाखा. नेरुळसारख्या ठिकाणी शाखा दहा-पंधरा मिनिटांवर असते. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून येईल तो पहिला नंबर फिरवू नका, खोटे नंबर तिथेही पेरलेले असतात. फोन खरा होता असं निघालं तर दहा मिनिटं उशीर झाला, इतकंच. खऱ्या बँकेला त्याचा राग येत नाही.

आणि वीज कापण्याचं म्हणाल तर वीज कायदा २००३, कलम ५६ : थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज संध्याकाळी फोन आणि आज रात्री साडेनऊला अंधार, असं कायद्यातच नाही. साडेनऊच का, तर तेव्हा ऑफिस बंद असतं, विचारायला कुणी सापडत नाही, म्हणून. पाइपगॅसच्या बिलाच्या नावाने येणाऱ्या मेसेजचीही हीच चाल आहे. शुक्रवारची संध्याकाळही योगायोग समजू नका.

बँकेच्या फोनबद्दल. बँका-विमा कंपन्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका दिली आहे, आणि जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य ऐकायचंही कारण नाही. एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर दिसतं, सरकारी संदेशाला ‘जी’, जाहिरातीला ‘पी’. पण १६०० चा फोन आला म्हणून पासवर्ड सांगायचा नाही. यजमानांना म्हणावं, बँकेचा फोन उचलला तरी चालेल, फक्त ‘मी शाखेत येऊन बोलतो’ एवढं म्हणून ठेवा.

यूपीआयचं थोडक्यात : पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढलात आणि घेणारा म्हणाला ‘हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’, तर सोफा आणि पैसे दोन्ही तुमच्याकडेच राहू द्या.

तुमचा ईमेल. मोबाइलवर ईमेल उघडला की वर नुसतं नाव दिसतं, ‘इन्कम टॅक्स डिपार्टमेंट’. ते नाव मीही लावू शकते. नावावर बोट दाबा, खाली पत्ता उघडेल. त्यातलं ‘अ‍ॅट’चं चिन्ह शोधा आणि त्याच्या पुढचा भाग शेवटाकडून वाचा. पाकिटावर ‘मंत्रालय, मुंबई’ मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली गाव-पिनकोड भलतंच असलं, तर पत्र त्या भलत्याच गावाला जातं. इथेही शेवटचे तुकडेच खरे. आयकर खात्याचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’वर संपतो. मधे कुठेतरी ‘इन्कमटॅक्स’ आणि ‘रिफंड’ असे शब्द गुंफून शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट टॉप’ असेल तर तो खात्याचा नव्हे. बँकांच्या संकेतस्थळांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेच्या नावाची लिंक दिसली की शेवट तपासा. मात्र मुरलेला भामटा पाठवणाऱ्याचा पत्ताही हुबेहूब दाखवू शकतो, म्हणून इथेही माझं उत्तर तेच. ईमेलमधल्या कशावरही बोट न ठेवता आयकराच्या पोर्टलवर स्वतः जा, नाहीतर तुमचं विवरणपत्र भरणाऱ्यांना विचारा. रिफंड खरा असेल तर पोर्टलवर पडताळलेल्या खात्यात तो आपसूक जमा होतो, त्यासाठी ईमेलमधून काहीही भरावं लागत नाही. आणि तुम्ही विवरणपत्रच भरलं नसेल, तर रिफंड कसला मंजूर झालाय?

एका प्रकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते, कारण घरात दोघंच असलेल्या माणसांना तोच जास्त गाठतो. ठाण्यातल्या घोडबंदर रोडचे टॉवर असोत की नेरुळचे सेक्टर, दुपारी घरात म्हातारी माणसं एकटी असतात हे ठगांनाही कळतं. व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, मुलाला सांगायचं नाही, पैसे ‘तपासणीसाठी’ सरकारी खात्यात भरा. अशी अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावणंसुद्धा चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. अटक करणारा पोलीस दारात येतो. ‘घरच्यांना सांगू नका’ हे वाक्य कानावर पडलं की कॉल तोडायचा आणि सगळ्यात आधी घरच्यांनाच सांगायचं.

इथेच मुलाचा विषय येतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण फोन काढून घेणं मला पटलं नाही. यजमानांनी शनिवारी पाहिलं आणि सोमवारपर्यंत गप्प राहिले. कशाला? पैसे गेले याच्यापेक्षा ‘बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं होतं’ हे ऐकावं लागेल, याला घाबरून. आणि झालंही नेमकं तसंच. घरची लाइटबिलं, सोसायटीचं मेंटेनन्स, गाडीचा विमा आयुष्यभर ज्याने सांभाळला, त्याच्या हातात शिक्षा म्हणून बटणांचा फोन दिला. पुढच्या वेळी काही झालं, तर ते दोन दिवस नाही, दोन महिने बोलणार नाहीत. ठग या लाजेवरच जगतात. मोठमोठ्या हुद्द्यावरची, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेली माणसंही फसली आहेत. मुलाला हे पत्र वाचायला द्या. त्याला म्हणावं, बाबांना त्यांचा फोन रीसेट करून परत दे, आणि ‘काही संशय आला तर रात्री दोनला उठव, ओरडणार नाही’ एवढं तोंडाने म्हण.

फोनवर बंदी घालण्यापेक्षा पैशांची मांडणी बदला. पेन्शन आणि ठेवींचं खातं वेगळं, त्याला यूपीआय जोडायचं नाही आणि नेटबँकिंग नको असेल तर शाखेत अर्ज देऊन बंद करून घ्यायचं. ठेव फक्त शाखेत येऊनच मोडता येईल अशी सोय तुमच्या बँकेत आहे का, ते विचारा. रोजच्या खर्चाला दुसरं छोटं खातं, त्यात महिन्याचे दहा-पंधरा हजार, यूपीआय त्यालाच. भाजीवाला, रिक्षा, औषधं यापलीकडे आपल्याला फोनमधून लागतं काय! बँकेच्या अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादाही कमी करून ठेवता येते. हे सगळं यजमानांनाच करू द्या. मुलाने शेजारी बसावं, बोटं बाबांची चालू द्यावीत. नेरुळच्या विरंगुळा केंद्रात जात असतील तर तिथे आपल्यासारखेच दोन-चार जण निघतील, फक्त आधी कुणी बोलत नसतं.

शेवटी एक फोन येईल, त्याची तयारी ठेवा. ज्यांचे पैसे गेले त्यांची यादी पुढे विकली जाते. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे २ लाख ४० हजार सापडले, सोडवायला प्रोसेसिंग फी आठ हजार’ असं कुणीतरी म्हणेल, कदाचित तक्रारीची तारीखही बरोबर सांगेल. पोलीस, बँक, लोकपाल यांपैकी कुणीही पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाही. त्याला आठ रुपयेसुद्धा देऊ नका. त्याचा नंबर लिहून घ्या आणि दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवण्यासाठी असलेल्या ‘चक्षू’मध्ये कळवा. तुमच्या तक्रारीचं काय झालं, ते १९३० वर मिळालेल्या तक्रार क्रमांकाने सायबर क्राइम पोर्टलवर तुम्ही स्वतः बघा.